कॅमेऱ्याच्या डोक्यावर आणखी एक डोके

२०१७ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या रायन स्टाउट यांनी ‘किकस्टार्टर’वर एका छोट्या डबीसाठी लोकांकडून आगाऊ पैसे मागितले. डबीचे नाव ‘आर्सेनल’. फ्लॅश लावायच्या खाचेत ती कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायची, वायरने कॅमेऱ्याला जोडायची आणि मोबाइलवरच्या ॲपमधून चालवायची. समोरचे दृश्य आधी शिकवलेल्या हजारो उत्तम फोटोंशी ताडून अपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ ही तिन्ही सेटिंग्ज ती स्वतः ठरवणार, असा वायदा होता. लोकांनी २६ लाख डॉलरहून जास्त रक्कम मोजली. २०२१ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तिलाही गिऱ्हाईक मिळाले.

आज हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर पहाटेच्या होडीत बसलेल्यांचे कॅमेरे पाहा, किंवा लग्नाच्या हॉलमधल्या फोटोग्राफरांचे पाहा. डोक्यावर फ्लॅश असेल, माइक असेल. एआयची डबी काही दिसत नाही. पण त्यातल्या बहुतेक नव्या कॅमेऱ्यांच्या पोटात मात्र एआय चालू असते, आणि मालकाला त्याचे अप्रूपही उरलेले नसते. बाहेरून लावायचे डोके मागे का पडले आणि आतले का टिकले, हा प्रश्न मला या विषयात सर्वात रंजक वाटतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. फोकस कुठे हवा याला बहुतेक वेळा एकच बरोबर उत्तर असते, आणि ते हुकले तर फोटो गेलाच. उजेड किती हवा याला चार उत्तरे असतात, आणि थोडे इकडेतिकडे झाले तर घरी बसून सावरता येते. एआयने पहिल्या जागी खरे काम केले. डब्या विकणाऱ्यांनी दुकान थाटले ते दुसऱ्या जागी.

कॅमेऱ्याने स्वतःच ठरवावे ही हौस एआयच्या कितीतरी आधीची. १९३८ साली कोडॅकने ‘सुपर सिक्स-२०’ काढला. त्यात सेलेनियमचा प्रकाशमापक होता आणि तो अपर्चर आपोआप बसवायचा. किंमत २२५ डॉलर, त्या काळी डोळे पांढरे करणारी; जेमतेम काही शे कॅमेरे बनले. १९७६ मध्ये कॅननच्या ‘एई-१’ने एसएलआरमध्ये मायक्रोप्रोसेसर आणला. त्यानंतरची खरी उडी निकॉनची. १९८३ च्या ‘एफए’ने चौकटीचे पाच भाग पाडून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजायला सुरुवात केली, आणि त्या पाच आकड्यांवरून दृश्य कोणत्या जातीचे असेल याचा अंदाज बांधला. वरचा भाग लख्ख आणि खालचा काळवंडलेला असेल तर वर आभाळ आहे, ही अक्कल कॅमेऱ्याला आली. १९९६ च्या ‘एफ५’मध्ये मापकाला १,००५ बिंदूंचा रंगीत सेन्सर मिळाला आणि सोबत ३०,००० फोटोंवरून तयार केलेला संदर्भसाठा. म्हणजे ‘तुमचे दृश्य हजारो चांगल्या फोटोंशी ताडतो’ हे आर्सेनलचे ब्रीद निकॉनने एकवीस वर्षे आधी, फिल्मच्या काळात, कॅमेऱ्याच्या आत बसवले होते.

वरून काही जोडून कॅमेरा शहाणा करायचा प्रयोगही जुनाच. १९८८ मध्ये मिनोल्टाने ‘७०००आय’ सोबत छोटी कार्डे विकायला काढली. खेळाचे वेगळे, पोर्ट्रेटचे वेगळे. कॅमेऱ्याच्या बाजूला कार्ड सरकवायचे की सेटिंग्ज त्या हिशेबाने बदलत. १९९१ च्या ‘एक्सआय’ मालिकेत मिनोल्टा आणखी पुढे गेली. ‘फझी लॉजिक’चा गाजावाजा केला आणि असा कॅमेरा काढला की तो डोळ्याला लावताच लेन्स आपणहून झूम होऊन चौकट सुचवायची. तुम्ही नदीचा घाट काढायला जावे आणि कॅमेऱ्याने पुढ्यातल्या माणसाचे पोर्ट्रेट जुळवावे! लोक वैतागले. पुढच्या मालिकेत मिनोल्टाने मुकाट्याने बटणे परत दिली. आर्सेनलला पैसे देणाऱ्यांपैकी कितीजणांना हा इतिहास ठाऊक असेल, कोण जाणे.

आता त्या तीन सेटिंग्जकडे येऊ. अपर्चर म्हणजे लेन्सचे भोक किती उघडे, शटर स्पीड म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा, आणि आयएसओ म्हणजे मिळालेला सिग्नल किती वाढवायचा. फोटो किती उजळ यावा हे तिघे मिळून ठरवतात, म्हणून एक वाढवले की दुसरे कमी करता येते. एफ/८ आणि १/१२५ ला जो उजेड, तोच एफ/४ आणि १/५०० ला. मोजणीच्या दृष्टीने दोन्ही अगदी सारखे, चित्राच्या दृष्टीने अगदी वेगळे. पावसाळ्यात ताम्हिणीतला एखादा धबधबा १/१००० ला काढला तर पाण्याचा थेंब न् थेंब सुटा दिसतो. अर्ध्या सेकंदाला काढला तर दुधाचा पडदा. यातले बरोबर कोणते? हजारो फोटोंच्या साठ्याला विचारले तर तो बहुमत सांगेल, आणि बहुमत दुधाच्या पडद्याचे निघेल, कारण कॅलेंडरांवर तेच छापून येते. असले उत्तर देणारे यंत्र चुकत नाही, पण त्याच्या मागे लागलात तर तुमचा धबधबा शेजाऱ्याच्या धबधब्यासारखा येतो.

त्यातून अशी डबी वापरायची म्हणजे काय, हे नीट पाहा. कोकणकड्यावर पहाट होतेय. ट्रायपॉड उभा करायचा, डबी खाचेत सरकवायची, वायर जोडायची, डबी चालू करायची, मोबाइल तिच्या वायफायला लावायचा, ॲप उघडायचे, चित्र येईपर्यंत थांबायचे, मग ‘सुचव’ म्हणायचे. एवढी उस्तवार सोसते ती दृश्य जागचे हलत नसेल तरच. आणि न हलणाऱ्या दृश्याला ट्रायपॉडवर एफ/८ ते एफ/११, आयएसओ १०० आणि शटर जे येईल ते, हे कोणताही होतकरू फोटोग्राफर एका सकाळीत शिकतो. जिथे मदतीची गरज कमी तिथेच ती डबी वापरायला सोयीची. फोकस स्टॅकिंग, म्हणजे जवळच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळे टोकदार यावे म्हणून वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून काढलेले फोटो एकत्र जोडणे, हे काम ती करते आणि ते खरोखर किचकट आहे. पण फोकस सरकवत फोटोंची मालिका काढायची सोय आता कितीतरी कॅमेऱ्यांत आतच असते.

दुसरे कारण अधिक निर्णायक. डिजिटल सेन्सर इतके सुधारले की एक्स्पोजरची छोटी चूक स्वस्त झाली. ‘रॉ’ फाइलमध्ये फोटो एका स्टॉपने (म्हणजे उजेड निम्मा पडून), कधी दोन स्टॉपनी काळा आला तरी संगणकावर वर ओढता येतो. थोडे दाणे येतात, एवढेच. पांढरे पार उडाले तर मात्र उडाले, म्हणून जाणकार किंचित काळा काढतात. ज्या चुकीचे प्रायश्चित्त माऊसच्या एका हालचालीत होते, तिच्यासाठी वेगळे यंत्र कोण विकत घेईल?

फोकसला असे प्रायश्चित्त नाही. ताडोबात जिप्सी थांबलेली, वाघीण बांबूच्या कडेने गवतातून येतेय. जुन्या कॅमेऱ्यात फोकसचा एक बिंदू तिच्या डोळ्यावर धरून ठेवायचा, गाडी हलतेय, शेजारचा वाकून पाहतोय, आणि बिंदू चार बोटे सरकला की फोकस पुढच्या गवताच्या पात्यावर. घरी येऊन पाहावे तर पाते सुरेख, वाघीण पुसट. ते गवत कुठल्याही सॉफ्टवेअरने बाजूला होत नाही. नव्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरमधला छोटा चौकोन आधी अंगावर बसतो, मग डोक्यावर, तोंड वळले की डोळ्यावर. गवत आडवे आले तर क्षणभर चळतो, परत जागेवर येतो. आणि हात मोकळे झाले की माणूस चौकटीचा विचार करू लागतो.

हे घडले ते साधारण २०१९ पासून. त्या जानेवारीत ऑलिंपसचा ‘ई-एम१एक्स’ आला. विमान, रेल्वे आणि मोटारशर्यत ओळखायला त्याला डीप लर्निंगने शिकवले होते. पक्षी मात्र त्याला २०२० च्या डिसेंबरमध्ये फर्मवेअरमधून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून, आले. सोनीने २०१७ मध्येच ‘ए९’ हा सेकंदाला ६० वेळा फोकस आणि उजेडाचा हिशेब करणारा कॅमेरा काढला होता. २०१९ मध्ये त्याच कॅमेऱ्याला नवे फर्मवेअर देऊन डोळ्याचा माग आणि प्राण्यांचे डोळे दिले. ज्यांच्याकडे कॅमेरा होता त्यांना हे फुकट मिळाले. २०२० च्या आरंभी कॅननच्या ‘वन डीएक्स मार्क ३’ने खेळाडूचे डोके ओळखायला सुरुवात केली, म्हणजे हेल्मेट घातलेले, पाठमोरे, चेहरा न दिसणारे डोकेही. २०२२ च्या सोनी ‘ए७आर ५’मध्ये तर एआयसाठी वेगळी चिपच बसली आणि शरीराच्या सांध्यांवरून डोके कुठे असेल याचा अदमास घेता येऊ लागला.

यामागची कृती जादूची नाही. पक्ष्यांचे, माणसांचे, गाड्यांचे ढीगभर फोटो घेऊन माणसांनी त्यांवर खुणा केल्या: हा डोळा, हे डोके, हे अंग. त्या खुणांवरून न्यूरल नेटवर्क शिकवले आणि शिकून झालेले गणित छोटे करून कॅमेऱ्यात कोंबले. सेन्सरवर पसरलेले फोकसचे बिंदू अंतर सांगतात, नेटवर्क ‘कोणाचे अंतर’ ते सांगते. आर्सेनलला ही जागा मिळणे कठीणच होते. वायरीने बाहेरून जोडलेल्या डबीला सेन्सरवरच्या त्या बिंदूंपर्यंत इतक्या वेगाने पोहोचता येत नाही; ती वाट कॅमेरा कंपनीच्या हातात असते.

मात्र यंत्राला तेच दिसते जे त्याला दाखवले गेले. कॅननने जुलै २०२४ मध्ये ‘आर१’ आणि ‘आर५ मार्क २’ जाहीर केले, त्यात खेळातली क्रियाच ओळखायची सोय होती: कोण चेंडू मारतोय, कोण पास देतोय हे पाहून कॅमेरा फोकस त्या खेळाडूवर नेतो. बाजारात आले तेव्हा खेळ तीन होते, फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल. क्रिकेट नाही, कबड्डीचा तर प्रश्नच नाही. कबड्डीत सात जणांच्या साखळीत एक चढाईपटू अडकलेला असतो, तेव्हा कॅमेऱ्याला चेहरे आठ दिसतात आणि नायक कोणता ते कळत नाही. तिथे अजूनही फोटोग्राफरने बिंदू धरायचा आहे. बैलगाडा शर्यती काढणाऱ्यांनी आपल्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात कोणते प्राणी दिले आहेत ती यादी एकदा वाचून घ्यावी, मग जाहिरातीतल्या ‘ॲनिमल आय’वर भरवसा ठेवावा. लग्नातही छोट्या गमती होतात. नवरीच्या कपाळावरून मुंडावळ्यांचे मोती डोळ्यांपुढे हलत असले की चौकोन कधी डोळ्यावर, कधी मोत्यावर. एफ/१.४ वर काढाल तर हा फरक दिसतो, एफ/२.८ वर बहुधा खपून जातो.

उजेडाच्या बाबतीत एआयने काही केलेच नाही असे नाही. वारीचे उदाहरण घ्या. आषाढातले ढग क्षणभर फाटून ऊन पडले आहे, पांढरी टोपी, पांढरे धोतर, पांढरा सदरा, आणि त्यात उन्हाने रापलेला सावळा चेहरा, कपाळावर बुक्का. मापक मुळात सगळे जग मध्यम करड्या रंगाचे धरून चालतो. चौकटभर पांढरे दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला. तो फोटो काळा करतो, आणि चेहरा कोळशासारखा होतो. जुने लोक अशा वेळी हाताने एक स्टॉप वाढवत. चेहरा ओळखणारा कॅमेरा चेहऱ्यापुरता उजेड मोजतो आणि हे दुखणे बरेच कमी होते.

पण चेहरा ‘योग्य’ किती उजळ, हे कोणी ठरवले? फिल्मच्या काळात कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवायला जी नमुनाकार्डे देई, त्यांवर गोऱ्या स्त्रियांचे चेहरे असत. सावळी माणसे वर्षानुवर्षे त्या मापाने धुऊन निघाली. हा वारसा डिजिटलमध्येही उतरला. गुगलने २०२१ मध्ये ‘पिक्सेल ६’सोबत ‘रिअल टोन’ आणले, ते सावळ्या आणि काळ्या त्वचेचे अधिक नमुने घेऊन उजेड व रंग सुधारण्यासाठी. आपल्याकडच्या काही मोबाइलांमध्ये मात्र चेहरा उजळ करायची हौस अजून आधीपासूनच चालू ठेवलेली असते. ती बंद करणे हीच बऱ्याच घरांतल्या फोटोंची सर्वात स्वस्त सुधारणा ठरेल.

एआयचा जिथे काडीचा उपयोग नाही आणि साधा गुणाकार पुरतो, अशीही एक जागा सांगतो. हॉलमधल्या दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात, विशेषतः आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले की प्रत्येक ओळीला सारखा उजेड मिळतो आणि पट्टे जातात. स्टेजमागच्या एलईडी भिंतीची चाल निराळी असते, तिथे यांत्रिक शटर वापरावे किंवा शटरचा आकडा बारीक बारीक सरकवून पाहावा. अंतरपाट खाली येण्याच्या आत हे करून ठेवायचे, नंतर अक्षता कोणी परत टाकत नाही.

मोबाइलने तर सेटिंग्जचा प्रश्न सोडवलाच नाही. तो मोडीत काढला. नोव्हेंबर २०१८ मध्ये गुगलच्या पिक्सेलवर ‘नाइट साइट’ आले. हातात धरलेला फोन अंधारात एकामागून एक १५ पर्यंत फ्रेम घेतो, हललेल्या भागांचा हिशेब करून त्या एकावर एक बसवतो, आणि पिवळ्या दिव्याखालचा पांढरा रंग कोणता असावा हे शिकलेल्या नेटवर्ककडून ठरवून घेतो. असल्या फोटोला ‘शटर स्पीड किती?’ विचारले तर एका आकड्यात उत्तर नाही. वर्षभराने ‘पिक्सेल ४’ ट्रायपॉडवर ठेवून १६ सेकंदांच्या १५ फ्रेममधून आकाशगंगा निघू लागली. या सगळ्या फ्रेम अजून खऱ्या उजेडाच्या असतात, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

तक्रार चंद्रापासून सुरू होते. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचा फोटो मुद्दाम पुसट केला, संगणकाच्या पडद्यावर लावला आणि अंधाऱ्या खोलीत दुरून सॅमसंगच्या फोनने टिपला. पडद्यावर नसलेली विवरे फोटोत उमटली. कंपनीने मग समजावून सांगितले की फोन चंद्र ओळखतो आणि एआयच्या साहाय्याने त्याचा तपशील वाढवतो. कॅमेऱ्याला सेटिंग सुचवणे आणि कॅमेऱ्याच्या वतीने चित्र पुरे करणे यांतली सीमा इथे ओलांडली जाते. घरच्या अल्बमात हे चालेलही. वर्तमानपत्रात, पंचनाम्यात किंवा पक्ष्याच्या नोंदीत चालणार नाही; पंखावरची रेघ लेन्सने पाहिली की नेटवर्कने भरली, यावर प्रजाती ठरते.

क्षण निवडायचे कामही एकदा यंत्राकडे देऊन पाहिले गेले. ऑक्टोबर २०१७ मध्ये गुगलने ‘क्लिप्स’ जाहीर केला: २४९ डॉलरचा, पडदा नसलेला, खिशाला किंवा कपाटाला अडकवायचा कॅमेरा. ओळखीचे चेहरे, हसू, खेळणारे मूल पाहून तो आपणच चित्रे टिपायचा. दोन वर्षांत तो बंद झाला. घरात सतत पाहणारा डोळा अनेकांना खुपला, हे तर झालेच. शिवाय आईबापांना आपल्या मुलाचा जो क्षण हवा असतो तो नेहमी हसरा असतोच असे नाही.

आज या क्षेत्रातला पैसा फोटो काढून झाल्यानंतरच्या कामाकडे वाहतो आहे. लग्नाच्या दोन दिवसांत फोटोग्राफर हजारो फोटो काढतो, त्यातले मिटल्या डोळ्यांचे, हललेले, एकसारखे वेगळे करण्यात रात्री जातात. ‘आफ्टरशूट’सारखी सॉफ्टवेअर ही चाळणी लावतात, ‘इमॅजेन’ तुमचे जुने काम पाहून तुमच्या पद्धतीने रंग बसवते. मला या साधनांचे डब्यांपेक्षा कितीतरी जास्त भविष्य दिसते, कारण त्यांनी कंटाळवाणे काम उचलले आहे आणि शेवटचा शब्द फोटोग्राफरकडे ठेवला आहे. फक्त चाळणीने फेकलेल्यांवर एकदा नजर टाकावी. पाठवणीत डोळे मिटून रडणारा बाप मशीनला ‘डोळे मिटलेले’ म्हणूनच दिसतो.

घ्यावे काय, हा प्रश्न उरतो. पक्षी, प्राणी, खेळ, धावती मुले किंवा लग्ने काढत असाल तर विषय ओळखणारा फोकस पैसे वसूल करून देतो, आणि त्यासाठी सर्वात नवे मॉडेलच लागते असे नाही. चारपाच वर्षे जुना, वापरलेला मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेराही पुरेल. डोंगर, देवळे, घाट, वस्तू काढत असाल तर त्याच्यावर जादा खर्च करू नका, तेवढ्यात बरा ट्रायपॉड येईल. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायची डबी मात्र कोणालाच सुचवणार नाही. आणि दुकानातल्या काउंटरवर विक्रेत्याच्या चेहऱ्यावर चौकोन झटकन बसला म्हणून भुलू नका, तिथे तो कोणत्याही कॅमेऱ्यात बसतो. पुण्यामुंबईत कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. विकत घेण्याआधी एक दिवस आणा आणि संध्याकाळच्या उजेडात गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवर तपासून पाहा.